पाचवा मणका

बाहेरच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "पोट आत," आणि माझं पोट आत गेलं. मी तेव्हा शिशाचा एप्रन खुंटीला अडकवत होते. एप्रन जड असतो, दोन्ही हातांनी उचलावा लागतो, आणि तो तसाच हातात धरून मी उभी राहिले. खांदे मागे, हनुवटी वर, टाचा जुळलेल्या. छत्तीस वर्षांची, चष्मा लावणारी, डबा खाल्ल्यावर पांढऱ्या कोटाचं मधलं बटण उघडं टाकणारी बाई. आवाज आधी पोटाला कळला, मला नंतर. मधे बावीस वर्षं गेली होती. त्या बावीस वर्षांत मी शिकले, एक्स-रे विभागात नोकरीला लागले, लग्न केलं, मोडलं, वडिलांचं दुखणं काढलं, आईला माझ्याकडे आणलं, आणि ह्या पोटाला त्यातलं काहीही कळवलं गेलेलं नव्हतं. ते आपलं धन्याची हाक ऐकून हजर. मला त्याची शिसारी आली. मी ते मुद्दाम सैल सोडायला गेले, तर सुटेना.

दार उघडून पुढचा नंबर पुकारला तेव्हा जिचा नंबर होता त्या मुलीच्या आधी तो उठला. मनात मी त्याला 'तो'च म्हणते, तोंडात मात्र अजून 'सर' येतं, जिभेलाही त्यानेच वळण लावलेलं. आम्ही जिम्नॅस्टिक्सच्या मुली त्याला पाठीमागे वजनकाटा म्हणायचो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तो आम्हाला काट्यावर उभं करायचा, आणि मधल्या वेळात नुसत्या डोळ्यांनी तोलायचा. आता केस काळे केलेले, कानामागे रंगाचा डाग तसाच राहिलेला. गळ्यात शिट्टी, इस्पितळातसुद्धा. पाठ ताठ, पण उजवा गुडघा आवाज न करता दुखत असणार, कारण उठताना त्याने हात बाकावर टेकला आणि पटकन उचलला. एवढं एकच बघून मला बरं वाटलं, हे कबूल करते. मुलगी त्याच्यामागे उभी राहिली. कागदावर वय बारा, दिसायला नऊची. केस इतके ओढून बांधलेले की भुवया कायमच्या आश्चर्यात. शाळेच्या डॉक्टरची चिठ्ठी होती: कंबर, तीन महिने, कण्याच्या खालच्या भागाचे फोटो समोरून, बाजूने आणि दोन तिरके. पालकाच्या रकान्यात त्याचं नाव आणि त्याचाच फोन नंबर.

"लवकर होईल ना मॅडम? चारला सराव आहे आमचा."

"पाठ दुखतेय आणि सराव?"

"दुखत-बिखत काही नाही. शाळेच्या डॉक्टरनं खूळ काढलंय. घरच्यांचं समाधान म्हणून आणलं. नऊ दिवसांवर स्पर्धा आलीये." बोलता बोलता त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पोटाकडे, दंडाकडे, हनुवटीखाली, आणि नोंद घेऊन डोळे दुसरीकडे नेले. ओळखलं नाही. मी किती वर्षं ह्या क्षणाची उजळणी केलेली होती. आंघोळ करताना, बसची वाट बघताना, नवऱ्याशी भांडताना. प्रत्येक वेळी तो मला ओळखायचा आणि घाबरायचा. ओळखणारच नाही, हे माझ्या उजळणीत कधी आलंच नव्हतं. मी मुलीला आत घेतलं आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. ते दार तसंही लावायचंच असतं.

आत थंड असतं, यंत्रासाठी. मुलीने पडद्यामागे जाऊन गाऊन घातला आणि पाठीवरचे बंद मला बांधायला सांगितले. बांधताना तिची पाठ दिसली. कण्याच्या दोन्ही बाजूंना चेंडूसारखे टणक स्नायू, आणि खाली, कंबरेच्या खोलगट जागी, त्वचा जरा काळवंडलेली. तिथे कुणीतरी रोज गरम पिशवी ठेवत होतं. मला ती जागा न दाखवता सापडते. हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर अंथरलेल्या निळ्या गाद्यांवर, आम्ही ओळीने कमानी टाकून उभ्या असायचो, तळहात आणि टाचा जवळ, आणखी जवळ, आणि तो ओळीतून चालत यायचा. ज्या पोटापाशी थांबेल त्या पोटावर तळहात ठेवून वजन द्यायचा. सावकाश. पोळीची घडी दाबतात तसं. खडूच्या पुडीचा वास नाकात, घाम डोळ्यांत उलटा उतरलेला, आणि जग डोक्याखाली. 'दुखतंय' हा शब्द हॉलमध्ये चालत नव्हता. जी म्हणेल तिला काहीच शिक्षा नाही. बाकीच्या सगळ्यांना वीस उड्या जास्त. म्हणजे त्याला कधी हात उचलावा लागला नाही. कपडे बदलायच्या खोलीत ते काम आम्हीच करायचो. एका ठेंगणीने एकदा मनगट दुखतं म्हटलं, आणि मी, मीच, तिचे बूट पाण्याच्या पिंपात टाकले होते. तिच्या रडण्याचा मला राग आला होता, आणि तो राग इतका स्वच्छ आणि खरा होता की आजही त्याची लाज हवी तेवढी वाटत नाही.

"पाळी सुरू झालीय का तुझी?" मी विचारलं. फोटोआधी विचारावं लागतं.

"नाही. सर म्हणतात उशिरा आलेली बरी."

मी तिला टेबलावर झोपवलं. दिव्याचा चौकोन तिच्या पोटावर पाडला, डाव्या-उजव्याची अक्षरं लावली. पाचव्या मणक्याची जागा चाचपताना बोट जरा जास्त दाबलं. काय सांगू, मुद्दाम दाबलं. तिच्या तोंडावरची रेषसुद्धा बदलली नाही. फक्त पायांची बोटं टोकापर्यंत ताणली गेली, नर्तकीसारखी. आम्हाला तसंच शिकवलेलं. दुखलं की पाय सुंदर करायचा.

"काकू, फोटोत काही असलं तर तुम्हाला लगेच दिसतं का?"

"दिसतं. पण सांगायची मला परवानगी नाही. ते डॉक्टर सांगतात."

"मग बरं," ती म्हणाली आणि छताकडे बघत राहिली.

काचेआडच्या खोलीत जाऊन मी चार फोटो घेतले. तिरक्या फोटोत प्रत्येक मणका एका छोट्या कुत्र्यासारखा दिसतो. कान, नाक, पुढचा पाय, सगळं. शिकताना पहिल्याच वर्षी हे सांगतात, विद्यार्थी हसतात आणि मग जन्मभर त्यांना कुत्रेच दिसतात. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा दिसेल, म्हणजे मानेवर काळी रेघ, त्या मणक्याचं हाड तिथे तुटलेलं असतं. पडद्यावर वरचे चार कुत्रे धड होते. पाचव्याच्या गळ्यात पट्टा. दुसऱ्या बाजूचा फोटो उघडला, तिथेही पट्टा. बाजूच्या फोटोत पाचवा मणका खालच्या हाडावरून पुढे निघालेला, फार नाही, चार-पाच मिलिमीटर. मला माझाच फोटो बघितल्यासारखं झालं असं म्हणणं सोपं आहे, पण माझा फोटो मी त्या वेळी बघितलाच नव्हता. खाकी पाकीट होतं. ते त्याच्या हातात होतं, मग त्याच्या कपाटावर होतं, आणि आईला हॉलच्या दारात त्याने सांगितलं, "स्नायू आखडलाय, बाकी काही नाही." आई म्हणाली, "तुम्ही बघताय तर मला काळजी नाही." अकरा दिवसांनी स्पर्धा होती. शेवटची धाव घेऊन, दोन कोलांट्या आणि हवेतली गिरकी संपवून मी उतरले तेव्हा पाठीत काहीतरी पुढे गेलं, कपाटाचा खण ओढल्यासारखं, आवाजही न करता. मी हात वर केले, हसले, दोन सेकंद मोजले. तिसरी आले. बक्षिसाच्या चौथऱ्यावर चढले, उतरले, आणि परतीच्या गाडीत बूट काढताना लक्षात आलं की उजव्या पायाची बोटं माझी नाहीत. पुढचे पाच महिने काखेपासून मांडीपर्यंत प्लास्टर. तो एकदाही आला नाही. त्याला वेळ नव्हता, त्याच्याकडे नवीन मुली होत्या.

तो न विचारता काचेआडच्या खोलीत शिरला. "झालं ना? काही नाहीये ना? स्नायूचंच असणार."

"इथे यायचं नसतं. बाहेर बसा."

"बाहेर बसून काय करू? असं करा, फोटो द्या माझ्याकडे. रिपोर्टची घाई नाही. आमचे एक ओळखीचे डॉक्टर आहेत, खेळाडूंचं तेच बघतात. तुमच्या डॉक्टरांना ह्यातलं काय कळणार? लगेच झोपवून ठेवतील पोरीला."

"रिपोर्टशिवाय फोटो मिळत नाहीत." हे सर्वस्वी खरं नव्हतं. रोज देतो आम्ही, ओळखीपाळखीत, घाईत. त्यालाही ते माहीत असावं, कारण त्याने मान तिरकी केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाकडे बघतात तसं पाहिलं. मग हसला.

"खेळायचात तुम्ही. उभं राहणं लपत नाही. कोणाकडे होतात?"

"तुमच्याकडे."

क्षणात मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. "अरे वा! कुठली तू? ती... व्हॉल्टवरून पडलेली?"

"नाही."

"हॉस्टेलमधून पळालेली?"

"तीही नाही. बावीस वर्षांपूर्वी. फ्लोअरला तिसरी आले होते. पाठ मोडून." हे शेवटचे दोन शब्द मी बोलले की फक्त तोंड उघडलं, ते मला आता सांगता येणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला. खोटा असता तर मला सोपं गेलं असतं.

"तिसरी! मग? बघ. तिसरी आलीस ना?" तो दारात गेला आणि गाऊन बदलून बाहेर आलेल्या मुलीला म्हणाला, "इकडे ये. ह्या माझ्या विद्यार्थिनी. ह्यांचीही पाठ दुखायची. रडत बसल्या नाहीत. अख्ख्या देशात तिसऱ्या आल्या."

मुलगी माझ्याकडे वळली. इतका वेळ मी तिच्या लेखी भिंतीतलं एक बटण होते. आता तिचे डोळे माझ्या पायांपासून वर चढले आणि तोंडावर येऊन थांबले. "खरंच?" ती म्हणाली. आणि इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मला ते आवडलं. त्याने मला 'माझी' म्हटलेलं, तिने तसं बघितलेलं, दोन्ही आवडलं. छातीत ऊब आली. माझ्या मोडलेल्या पाठीचा तो त्या पोरीसाठी चाबूक करत होता, आणि मी तिथे उभी राहून आपली स्तुती ऐकत होते. किती वेळ? फार तर तीन सेकंद. मी 'हो' म्हटलं. "हो, तिसरी." मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्यावर, स्वतःवर, त्या पोरीच्या चकचकीत डोळ्यांवरही.

"आईचा नंबर सांग," मी तिला म्हटलं.

"कशाला?"

"कागदावर लिहायचाय."

"माझा लिहिलाय की," तो म्हणाला. "तिची आई कामावर असते. फोन घेऊ देत नाहीत तिथे."

"मला पाठ नाही," मुलगी म्हणाली. बारा वर्षांच्या पोरीला आईचा नंबर पाठ नाही. ती डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलत होती, आणि चांगलं बोलत होती. मीही असंच बोलायचे. त्याने फक्त पाकीट लपवलं होतं. दुखणं तर मीच लपवत होते, आईपासून, मैत्रिणींपासून, शेवटी शेवटी स्वतःपासूनही. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, कुणालाच नाही. लोकांना गोष्टीत एकच राक्षस लागतो.

मी तिला म्हटलं, एक फोटो हलल्यासारखा वाटतोय, पुन्हा झोपावं लागेल. ते खोटं होतं. तिला टेबलावर ठेवून, पडद्यामागे जाऊन, मी तिचं दप्तर उघडलं. पायाच्या पट्ट्या, खडूची डबी, कोरडी चपाती कागदात गुंडाळलेली आणि न खाल्लेली, शाळेची वही. वहीच्या पहिल्या पानावर नंबर होता. मी तो हातावर लिहीत असताना पडदा सरकला. ती टेबलावरून उतरून आली होती, आवाज न करता. आम्हाला आवाज न करता उतरायलाच शिकवलेलं असतं.

"चोर," ती म्हणाली. ओरडली नाही. नुसतं नाव ठेवलं.

मी आधी आमच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या शेजारच्या खोलीत बसून दिवसभर रिपोर्ट सांगत असतात आणि मधे कुणी आलं की कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी चारही फोटो पाहिले, चष्मा वर केला, पुन्हा पाहिले. "दोन्ही बाजूंना. मणका सरकायला लागलाय. कोण आलंय बरोबर?"

"कोच. पालक म्हणून त्यांचंच नाव आहे. मला आईला फोन करायचाय."

"नंबर कुठून आणलात?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही तिच्या दप्तरात हात घातलात. ह्यावर चौकशीचा कागद निघू शकतो, कळतंय ना? तुमचा काय संबंध एवढा?" मी पडद्यावरच्या काळ्या रेघेकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "करा फोन. मी ऐकलेलं नाही."

आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. फोन तिने तिसऱ्यांदा घेतला, मागे यंत्रांचा खडखडाट. मी सांगितलं, कुठून बोलतेय, काय दिसलं. ती म्हणाली, "सर म्हणाले स्नायूचं आहे."

"स्नायूचं नाहीये. हाड आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी फोटो काढते."

"मग सरांना द्या फोन."

"तुम्ही या," मी म्हटलं. "सरांना मी फोन देणार नाही. तुम्ही येईपर्यंत फोटोही देणार नाही. काय करायचं ते करा." माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. त्याचा होता. बिनविनंतीचा, खाली पडणारा. आणि त्या आवाजाला ती बाई आली. पाऊण तासात, डोक्याला कारखान्याची जाळी तशीच, धापा टाकत, भांडणाच्या तयारीने.

त्या पाऊण तासात त्याने तीनदा माझं नाव विचारून लिहून घेतलं, वरच्या साहेबांकडे जाऊन आला, पण फोटोंवर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या आणि त्यांना हलवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. आई आल्यावर त्यांनी सगळ्यांनाच आत घेतलं. पडद्यावर पेन टेकवून दाखवलं. मुलगी दाराला टेकून उभी, नजर फरशीवर. तो शांत झाला होता. त्याला कुठे शांत व्हायचं ते कळतं. "निर्णय तुमचा, ताई," तो म्हणाला. "आई आहात तुम्ही. मी कोण? फक्त एवढंच सांगतो, तिची जागा रिकामी राहणार नाही. रांग लागलेली आहे."

"खेळली तर काय होईल?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"कदाचित काहीच नाही, ह्या वेळेला. कदाचित मणका आणखी सरकेल आणि नस दाबेल."

"आणि नाही खेळली तर?"

"पट्टा बांधून तीन महिने, मग बघू. वय लहान आहे. जुळायची आशा आहे."

ती बाई माझ्याकडे वळली. तो मघाशी काहीतरी बोलला असावा, किंवा मुलगीच. "तुमचंही असंच झालेलं म्हणे. तुम्ही खेळलात. आता कशा आहात?"

सगळे माझ्याकडे बघत होते, मुलगी धरून. मी म्हटलं, मला जमिनीवर बसता येत नाही. बादली उचलता येत नाही. उजव्या पायाची दोन बोटं अजून मेलेली आहेत, खिळा लागला तरी कळत नाही, मोजा रक्ताने भिजला की कळतं. मूल राहिलं होतं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाठ सोसणार नाही, आणि ते राहिलं नाही. हे सगळं खरं आहे. जे बोलले नाही तेही खरं आहे: की उतरल्यावर, हात वर केल्यावर, ते दोन सेकंद, अख्खा हॉल गप्प आणि मी मधोमध, तसं मला पुढे आयुष्यात काहीही मिळालं नाही, ना नोकरीने दिलं, ना नवऱ्याने. कुणी परत विचारलं असतं, पाठ देतेस का, तर चौदाव्या वर्षी मी पुन्हा दिली असती. मुलीला हे ऐकायचा हक्क होता. अर्ध्या खऱ्याने मी तो सामना जिंकला, आणि तेही मला त्यानेच शिकवलं होतं, की जिंकायचं असेल तर चेहऱ्यावर काही दिसता कामा नये.

बाईने डोक्यावरची जाळी काढली, मुठीत चुरगाळली. "नाही खेळणार ती," म्हणाली. तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि दाराबाहेर पडायच्या आत फोन कानाला लावला. "हां, मी बोलतोय. उद्यापासून तू. पहाटे साडेपाच. आणि आज रात्री जेवू नकोस." मुलीने ते ऐकलं. तिच्यासाठीच ते मोठ्याने बोललं गेलं होतं. जाताना ती माझ्यापाशी थांबली. आई पुढे गेलेली.

"तुम्हाला निदान तिसरा नंबर मिळाला," ती म्हणाली. "मला काय मिळालं?"

ती थोडं थांबली, खरंच उत्तराची वाट बघितल्यासारखी, आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून मटार सोलत होती. मी रागाने सांगत होते, म्हणजे त्याच्याबद्दल सांगत होते, पण आवाज तिच्यावर रोखलेला होता. गेली बावीस वर्षं आमच्या घरात हे असंच चालतं. ती ऐकत राहिली. "त्या बाईनं तुला झिडकारलं नाही?" तिने विचारलं.

"झिडकारलं की. डॉक्टर आहात का म्हणाली."

"मीही तेच म्हणाले होते."

मला वाटलं ती त्याच्याशी झालेल्या कुठल्यातरी बोलण्याबद्दल सांगतेय. तिने शेंग फोडली, दाणे बोटाने ओढले. "मला आला होता फोन. एक्स-रेवाल्याचा. म्हातारा माणूस होता आवाजावरून. म्हणाला, बाई, ते पाकीट दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात का? तो म्हणाला, नाही. मी ठेवून दिला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू आरशासमोर होतीस. हात वर करून हसायची तालीम करत होतीस. दोन बोटं एवढं तोंड उघडायचं, दात किती दाखवायचे, ते सगळं. मी तुला तसं आनंदात कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, कुठला कोण माणूस." ती दाणे भांड्यात टाकत राहिली. "त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला होता. मी उचललाच नाही."

मी तिच्याशी भांडायला हवं होतं. बावीस वर्षांचा साठा होता. पण मला एकदम तो म्हातारा दिसायला लागला, कुठल्यातरी तळघरात फोनजवळ उभा, पलीकडे नुसती वाजणारी घंटा ऐकत. त्याने तिसऱ्यांदा का केला नाही, ह्याचा मला राग आला. आईचा नाही. मी स्वयंपाकघरातून उठून गेले आणि आम्ही चार दिवस बोललो नाही, म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच.

कागद निघालाच. रुग्णाच्या सामानाची परवानगीशिवाय झडती, असे शब्द होते. मी खुलासा लिहिला, ताकीद मिळाली, ती माझ्या फायलीत लागली. त्याच्या नव्या मुलीला दुसरा नंबर मिळाला हे पेपरात आलं. फोटोत ती मधे, तो मागे, हात तिच्या खांद्यावर. मी त्या मुलीच्या कंबरेकडे बघत बसले. कागदावरच्या फोटोत काही दिसत नाही. तिच्या आईचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी काय सांगितलं असतं?

तीन महिन्यांनी ती पहिली मुलगी पट्टा बांधून तपासणीच्या फोटोसाठी आली. केस कापलेले, मुलासारखे. सहा किलो तरी वाढली होती, हे मला एका नजरेत कळलं, आणि कळल्याचा संताप आला. आईने मला बाहेरच गाठलं. "घरात कुणाशी बोलत नाही," ती हळूच म्हणाली. "शाळेतून येते, भिंतीकडे तोंड करून झोपते. इथेसुद्धा यायला तयार नव्हती. म्हणते, त्या बाईकडे नको. मी काय करू सांगा?" तिच्या आवाजात विनंती नव्हती, हिशेब होता: तुम्ही केलंत, आता तुम्हीच निस्तरा.

आत मी पट्टा सोडला, तिला टेबलावर झोपवलं. तिने मला हात लावू दिला तो लाकडाला लावू देतात तसा. मी काचेआड गेले. "श्वास घे," मी म्हटलं. "रोख." तिने रोखला. मी बटणावर बोट ठेवलं, आणि तिने कंबर हलवली. थोडीशीच, मोजून. मी बोट उचललं. "पुन्हा. श्वास घे. रोख." ती पुन्हा हलली. आता तिने मान वळवून काचेकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, पण डोळे थेट माझ्यावर, ओठ घट्ट. तिसऱ्यांदाही तेच. खूप राग असलेलं माणूस जेवढं सावकाश हलू शकतं तेवढं सावकाश.

बाहेर बाकांवर सात जण होते. कुणीतरी दार ठोठावलं. माझ्या हातून कधी बटण वाया जात नाही, माझं विभागात नाव आहे त्यासाठी. तिला दोन शब्द सुनावावे, आईला आत बोलवावं, टेबलाचे पट्टे बांधावे, हे सगळं माझ्या मनात आलं, ह्याच क्रमाने. आणि मग मला आठवायला लागलं, की त्या हॉलमध्ये आठ वर्षं, रोज, दोन वेळा, 'हलायचं नाही' म्हटल्यावर मी कधी हलले होते का. एकदाही नाही. चुकूनही नाही.

मी माईकवर म्हटलं, "तुझं झालं की सांग." आणि बटणावरचा हात काढून खिशात घातला. ती टेबलावर हलत राहिली.